बेलवलीचं तळं आणि एक इंची पाइप

बेलवलीतल्या त्या सोसायटीच्या बागेत कमळांचं तळं होतं आणि चेअरमन राजेंद्र म्हसकरांनी नुकतीच दुसरी गाडी घेतली होती. मीटिंगमध्ये ठरलं की तळ्यात पाणी साचतं, डास होतात. रविवारपर्यंत पाणी खेळतं झालं नाही तर तळं बुजवून पार्किंग करायचं. ठराव एकमताने झाला. यशोधरा अहिरेंचं मत मोजायचं राहून गेलं.

कमळं त्यांनीच लावलेली. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर लोक सिंगापूर बघून येतात. बाईंनी चिखलात हात घातले.

पंप नवा होता, घुमतही होता. पण दगडांवरून पडायचं ते पाणी सर्दी झाल्यासारखं ठिबकत होतं. गाड्या धुताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबणारी ही सोसायटी. तिचा सिद्धांत एकच : बारीक केलं की फोर्स येतो. म्हणून आधी पाऊण इंची पाइप लावला, मग अर्धा इंची. पाणी दर खेपेला कमी झालं, सल्ला तोच राहिला.

"अजून बारीक करून बघा, ताई," म्हसकर मायेने म्हणाले.

बाईंनी चष्मा लावून पंप पाहिला. त्याचं तोंड चांगलं एक इंची होतं आणि सगळे मिळून त्याला स्ट्रॉमधून बोलायला लावत होते.

शनिवारी त्या उल्हासनगरला गेल्या. दुकानातल्या शेठने न विचारताच अर्धा इंची वेटोळं पुढे सरकवलं.

"ये लो, मॅडम. ट्रान्सपरंट. प्रेशर एकदम मस्त."

"प्रेशर नको, शेठ. पाणी हवंय. एक इंची द्या, जाळीचा, काळा."

"काळा? दिखने में अच्छा नहीं लगेगा."

"पारदर्शक पाइपात ऊन शिरलं की आतून शेवाळ धरतं. ते दिसायला बरं असतं का?"

शेठने एल्बो काढले. "वळवायला हे तर लागतील."

"नको. पाइपच लांबून वळवते. काटकोनात पाणी अडतं."

"आप प्लंबर हो क्या?"

"सध्या नाइलाजाने."

रविवारी सकाळी बाई तळ्यात गुडघाभर उभ्या राहून स्टीलची क्लिप आवळत होत्या, तेवढ्यात डेब्रिजने भरलेला डंपर गेटातून आत आला. मागोमाग म्हसकर, हातात चहा.

"ताई, बाहेर या. उगाच लागेल कुठे."

"बटण दाबा," बाई म्हणाल्या.

बटण म्हसकरांच्याच हाताशी होतं आणि खिडक्यांतून सोसायटी बघत होती. त्यांनी दाबलं. पंप घुमला, काळा पाइप ताठ झाला आणि दगडांवरून पाण्याची अख्खी चादर खाली आली. कमळाची पानं डोलायला लागली.

म्हसकरांनी बराच वेळ निरखून पाहिलं. "पण उडत नाहीये. फोर्स कुठाय?"

"ठरावात उडायचं लिहिलं नव्हतं."

"डंपर आलाय ना पण आता! भाडं ठरलंय. ठराव म्हणजे ठराव."

बाई तळ्यातच दगडावर टेकल्या, भिजलेला पदर पिळून कमरेला खोचला. "टाका मग. माझ्यासकट टाका."

ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "ओ साहेब, मला पालेगावला दुसरी ट्रिप आहे. हे उतरवू कुठे, लवकर सांगा."

बाईंनी स्क्रूड्रायव्हरने गेटजवळची एक रिकामी जागा दाखवली. तिथे पिवळ्या रंगात लिहिलं होतं : चेअरमन.

"तिकडे, भाऊ," त्या म्हणाल्या. "ऐसपैस आहे."

ड्रायव्हरने गिअर टाकला.