गाल आहेत तोवर

"गाल आहेत तोवर काढ रे माझा फोटो," आई फोनवर म्हणायची. मी म्हणायचो, "तेतच्या सणाला, नव्या वर्षाला येतो ना, तेव्हा काढू." असे तीन तेत गेले.

मी फोटोग्राफर. फोटोग्राफर कसला, पायाला भिंगरी लावलेला हमाल! आज पार दक्षिणेला कामाऊ गावी कोळंबीच्या कारखान्यात, परवा थंड हवेच्या दालात गावी झाडांखाली लग्न ठरलेली जोडपी, मग डोंगरातल्या कुठल्यातरी शाळेचे वर्गावर्गांचे फोटो. मेलेली कोळंबीसुद्धा मी टवटवीत दाखवतो. जोडप्यांना म्हणतो, "हसा, आणखी जवळ या." ती हसतात, जवळ येतात आणि दोन तासांनी मला विसरतात. मग मी बसस्टँडसमोर एकटाच कण्यांचा भात खातो. समोरच्या खुर्चीवर कॅमेऱ्याची बॅग ठेवतो, म्हणजे कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. सांगायला लाज वाटते, पण ठेवतो खरं.

आईला फोटो हवा होता तो तिच्या माघारी घरात पुजायला. आमच्याकडे म्हातारी माणसं तो धडधाकट असतानाच काढून ठेवतात. बाबांचा राहून गेला. शेवटी ओळखपत्रावरचाच मोठा करून लावला; त्यांच्या डाव्या कानावर अजून सरकारी शिक्क्याची कड आहे. "मला नको रे असं शिक्का मारून बसवू," आई उदबत्ती लावताना म्हणायची.

मग एक दिवस शेजारच्या बाय मावशीचा फोन आला. "त्वान, आईला अन्न जात नाही. डॉक्टरांनी काय सांगितलं ते ती तुला सांगायची नाही. तुझ्या कोळंब्यांना म्हणावं, जरा थांबा."

तरी मी दालातची दोन जोडपी उरकूनच निघालो. काय म्हणावं माझ्या अकलेला!

घरी पोचलो तर आई दारात टांगलेल्या झोळीत पडली होती. गाल नव्हते.

"चल आई, अंगणात उजेड चांगला आहे," मी म्हणालो. ती उठली, केस सारखे करून फणसाखाली स्टुलावर बसली. मी कॅमेऱ्यातून पाहिलं. हात मांडीवर, ओठ मिटलेले, मान ताठ. गिऱ्हाईक बसतं तशी माझी आई माझ्यासमोर बसली होती.

"हस ना."

"हसतेय की."

मी चाळीस फोटो काढले. चाळीसही कुणा परक्या बाईचे.

"राहू दे रे, दमलास," ती म्हणाली. "माझा झालाय काढून." आणि कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चौकट घेऊन आली.

फोटो बाजारातल्या दुकानातला होता. मी बघितला आणि माझं डोकंच फिरलं. निळा मखमली झगा, गळ्यात मोत्यांची माळ! आमच्या गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ते दुकान फोटोत हाच झगा चिकटवून देतं. आईनं जन्मात मखमल घातली नव्हती. वर मान वाकडी बसवलेली.

"आई, हे खांदे कुणाचे आहेत?"

"बाय मावशीचेपण तेच आहेत. बरोबरच गेलो होतो गेल्या वर्षी. वर गेल्यावर एकमेकींना ओळखायला बरं."

पण चेहरा तिचाच होता. गाल होते. डोळे असे हसत होते, की मला त्या दुकानदारणीचा हेवा वाटला. माझा चाळीस वेळा हात चालला, तो काय फुकट?

"असं काय सांगितलं तिनं तुला?"

"काही नाही रे. हसा म्हणाली, मला येईना. मग तिनं विचारलं, आजी, मुलगा काय करतो? म्हटलं, तुझंच काम करतो गं बाई, पण तू इथं बसून असतेस, माझा त्वान अख्खा देश हिंडतो. तेवढ्यात मेलीनं बटण दाबलं."

मी कॅमेरा बॅगेत ठेवला.

आता तो फोटो बाबांच्या शेजारी आहे. मी नसतो तेव्हा बाय मावशी उदबत्ती लावते. मान वाकडी आहे, मला दोन मिनिटांत सरळ करता येईल. करत नाही. माझं नाव घेऊन ती हसली होती, आणि मी तिथं नव्हतो.