व्हरांड्यातला बाक

मित्रांनो, मी उमरीजवळच्या एका शाळेतला जुना बाक. लोखंडी नळ्यांवर फळ्या ठोकून मला नांदेडला बनवलं. शाळा एका मठाच्या संस्थेची, पण मी आलो सरकारी अनुदानातून. माझ्यावर बसून कितीतरी मुलं शिकली. कुणी पुसलं, कुणी कर्कटकाने नाव कोरलं. मला सगळीच आवडायची.

गेल्या वर्षी माझ्यावर धम्मप्रिया आणि पुनम बसू लागल्या. एकाच डब्यात जेवायच्या. सकाळी मठाची प्रार्थना व्हायची, तेव्हा धम्मप्रिया गप्प उभी राही. मुख्याध्यापक किशनरावांनी कारण विचारलं.

"आमच्या घरी त्रिशरण म्हणत्यात, सर."

"मग बाहेर बस."

पुनमला दुसऱ्या बाकावर बसवून शिपायाने मला धम्मप्रियासकट व्हरांड्यात आणलं. तिथून फळा दिसत नसे. ती खिडकीला कान लावून लिहायची. पाऊस तिरपा आला की वही पोटाशी धरायची.

तिची आई महामाया गावात आरोग्यसेविका. ती शाळेत आली.

किशनराव म्हणाले, "संस्था मठाची हाय, बाई. मठाची रीत पाळावी लागंल."

"मठ तुमचा, सर, पर पगार सरकारचा हाय की. अनुदान घेतलं की आमच्या मर्जीबिगर धर्माची प्रार्थना लादता येत न्हाई. कायदा हाय तसा."

"पटत नसंल तर दाखला घिऊन जा."

"न्हाई नेणार. पोरगी इथंच शिकंल."

महामायाने शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. साहेब तपासणीला येणार त्या सकाळी मला घाईने आत नेलं. साहेबांनी विचारलं, "कुणाला बाहेर बसवतात का?" धम्मप्रिया खाली बघत राहिली. तेवढ्यात पुनम उभी राहिली.

"साहेब, ही रोज भाईर बसती. आजच आत आणलंय."

संस्थेला नोटीस आली. प्रार्थनेची सक्ती थांबली. मी वर्गातच राहिलो.

पण पुनमच्या वडिलांना गावात लोक बोलू लागले. आठवडाभरात त्यांनी तिला लातूरला मामाकडे, तिथल्या शाळेत धाडलं. जाताना तिला वर्गात येऊ दिलं नाही.

आता धम्मप्रियाला फळा दिसतो. शेजारी मात्र कुणी बसत नाही. मित्रांनो, कायद्याने मला आत आणलं. तिच्याजवळ बसायला तुम्हालाच यावं लागेल. तुमच्या वर्गात असं कुणी एकटं दिसलं तर फार विचार करू नका. दप्तर ठेवा आणि बसा. धम्मप्रिया अजून भिंतीकडे सरकूनच बसते, दुसऱ्या कुणासाठी जागा सोडून.