धुतलेलं कापड

आमच्या कारखान्यात येणाऱ्या खनिजात नायोबियम आहे, पोलादात घालायचा महागडा धातू, पण एकटं नाही. थोरियम, युरेनियम आणि सगळ्यात चिवट ते रेडियम त्याला गोचिडासारखं चिकटून येतं. काढायला जावं तर बरंचसं नायोबियमही वाहून जायचं, नाही काढलं तर किरणोत्सर्ग जास्त म्हणून गिऱ्हाईक पोती परत पाठवायचं. साहेबांनी दोन वर्षं सगळ्यांचं डोकं खाल्लं. शेवटी तोड मी काढली. द्रावणात बेरियम घातलं की रेडियम गाळ होऊन बसतं आणि गाळायच्या कापडात अडकतं. पावडर स्वच्छ, नायोबियम जवळजवळ सगळं हाती. मी प्रयोगशाळेची प्रमुख झाले. महिनाभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

गाळ सिमेंटच्या खड्ड्यात जायचा, त्याच्या किरणोत्सर्गाची मोजणी मीच करायची. कापडाची कोणी केली नाही. गाळायच्या प्रेसवरचे कामगार ते दर तीन महिन्यांनी बदलायचे, दोनदा धुवायचे आणि चिठ्ठ्या टाकून वाटून घ्यायचे. जाड, फाटता फाटेना असं कापड, कोण सोडतंय? ही रीत माझ्या जन्माआधीची. पूर्वी त्यात माती अडकायची. धुतलेलं म्हणजे स्वच्छ, असं सगळे धरून चालले. मीसुद्धा, एवढी शिकलेली.

मंगळवारी मी डबा घरी विसरले. बाबा प्रेसवरच कामाला आहेत, ते दुपारी येताना घेऊन आले आणि पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. शेजारचं किरणोत्सर्ग मोजायचं मीटर कडकडायला लागलं. मी आधी मीटरलाच शिव्या घातल्या. मग डबा काढून लांब नेला. मीटर पिशवीवरच कडकडत राहिलं.

"बाबा, ही पिशवी कुठली?"

"आईनं शिवली. गादीतून उरलेल्या तुकड्याची."

"कसली गादी?"

"ताईच्या पोरीची. यंदा चिठ्ठी माझी निघाली ना, सबंध कापड मिळालं. काय गाढ झोपते त्यावर." बोलताना त्यांचा चेहरा नुसता खुलला होता.

मी मीटर उचललं आणि तडक ताईकडे गेले.

"आज वाट चुकलीस का?" ताई म्हणाली.

सात महिन्यांची पोर पालथी पडून गादीचा कोपरा चोखत होती. मीटर उंबऱ्यापासूनच बोलायला लागलं. मी तिला हिसकून उचललं. ती रडली, ताई भडकली. कापडात काय अडकलंय ते मी तिला सांगितलं.

"काय होईल गं तिला?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. असल्या गोष्टी कळायला वर्षं जातात. मला स्वतःचीच किळस आली.

गादी प्लास्टिकमध्ये गुंडाळून मी साहेबांच्या दालनात आणली. ते खुर्ची सरकवून भिंतीला टेकले.

"कापड बाहेर नेणं ही चोरी आहे. परवानगी कधीच नव्हती. बोभाटा केलास तर आधी तुझे वडील घरी बसतील."

बाबा माझ्या मागोमाग येऊन दारातच उभे होते. तीस वर्षं मान खाली घालून राबलेला माणूस. ते माझ्याकडे बघत नव्हते, गादीकडे बघत होते.

"लिही तू," ते म्हणाले. "बाकीच्यांच्या घरीही पोरं आहेत."

मी साहेबांसमोरच नोंदवही उघडली. नमुना: भाचीची गादी. आकडा लिहिला. शेवटच्या रकान्यात शुद्धीकरणाची पद्धत कोणाची, ते भरायचं असतं. तिथे मी माझं नाव लिहिलं.