दोन हातांची गाठ

फौजदारानं टोपल्यात कोपरापर्यंत हात घातला तेव्हा सुंदराबाई एवढंच म्हणाली, "दाबू नका जी, साहेब. संत्रं दाबलं का आतून सडते."

भोवती धुळीचा लोट होता. आत्ता-आत्तापर्यंत नांदगाव खंडेश्वरच्या त्या शिवारात पाय ठेवायला जागा नव्हती. बैलांच्या शर्यतीचा शंकरपट भरला होता, दोन जोड्या सुटल्या होत्या, जोड्या हाकणारे धुरकरी उभ्यानं ओरडत होते. तेवढ्यात शिट्टी वाजली, "पोलीस! पोलीस!" झालं आणि माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. बैल बुजले. एक जोडी तुरीच्या शेतात घुसली, दुसरी मधेच थांबली. कोण जिंकलं ते देवालाही कळलं नसेल. सगळे पळाले. सुंदराबाई तेवढी आपल्या टोपल्यापाशी बसून राहिली. तिनं काही केलंच नव्हतं, तर पळायचं कशाला?

फौजदाराचा हात वर आला. हातात दस्ती होती, निळ्या चौकड्यांचा मोठा रुमाल, मधोमध गच्च गाठ मारलेला.

"हे काय आहे?"

"कोनाचं तरी हाये," सुंदराबाई म्हणाली.

"कोणाचं?"

सुंदराबाई विस्कटलेली संत्री सारखी करायला लागली. फौजदारानं तिथल्या तिथे दोन पंच पकडून आणले. दुरून दगड यायला लागले होते, म्हणून त्यानं दस्ती होती तशीच कापडात गुंडाळली आणि दोरी बांधून वर लाखेचा शिक्का मारला. मग सुंदराबाईला गाडीत बसवलं. "टोपलं?" तिनं विचारलं. टोपलंही गाडीत चढलं. पोलिसांच्या गाडीत अमरावतीपर्यंत संत्र्यांचा वास दरवळत होता.

साठ सालानंतरची गोष्ट. त्या वेळी वऱ्हाडात पटाची हौस मोठी होती, आणि पट म्हटला की हारजीत आलीच. दोघांची पैज लागली की दोघांचे पैसे एकाच दस्तीत जायचे. पहिला वेढा एकानं घालायचा, दुसरा दुसऱ्यानं. म्हणून त्या गाठीला दोन हातांची गाठ म्हणत. मग ती दस्ती भरवशाच्या माणसापाशी जायची. रीत अशी, की दोघं समोर असल्याशिवाय गाठ सुटायची नाही. हरलेल्यानंही बोट लावायचं, म्हणजे मागून भांडण नाही.

आधी हे काम सुंदराबाईचा नवरा भगवंत करायचा. पटोपटी गाडी घेऊन तो संत्री विकायचा. तो गेला आणि लोक तिच्याकडे दस्त्या देऊ लागले. कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. टोपल्यात संत्र्यांच्या खाली दस्ती सरकवायची आणि जायचं. गाठ सुटली की जिंकणारा तिच्याकडून संत्री घ्यायचा, एवढीच तिची मिळकत. स्वतः तिनं जन्मात पैज लावली नव्हती. कोणाची जोडी पळते इकडे तिचं लक्षही नसे, कारण त्याच वेळी पोरं संत्री उचलून पळत.

त्या दिवशीच्या दस्तीत गोवर्धनचे आणि खुशालराव मास्तरांचे पैसे होते. गोवर्धनचा मोर्शीकडे संत्र्याचा बगीचा होता. सुंदराबाईचा माल त्याच्याकडूनच यायचा. खुशालराव शाळामास्तर, आणि त्यांच्या गावची जोडी पळणार होती. गावच्या जोडीवर पैज लावली नाही तर गावात तोंड कसं दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं.

पोलीस ठाण्यातल्या जमादारानं तिला समजावलं, "मावशी, कबूल म्हण. दंड भर, घरी जा. सारे असंच करतात."

"कबूल काय म्हणू?"

"जुगार खेळली म्हणून."

"मी खेळली नाही तं कबूल कशी म्हणू बाप्पा?"

जमादारानं कपाळावर हात मारला. शेवटी गोवर्धननं धाडलेल्या एका ओळखीच्या माणसानं जामीन दिला आणि ती सुटली.

रामराव वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. ते तिच्या ओट्यावरचं जुनं गिऱ्हाईक होते. बाजारात नगरपालिकेनं दिलेला तो ओटा भगवंतच्या वेळेपासून होता, आणि आता त्याच्यावरच सुंदराबाईचं आणि तिच्या लेकीचं, शालूचं, पोट होतं.

"कबूल म्हणालात तर शिक्षा झाली असंच धरतात," रामराव म्हणाले. "आणि ओट्याच्या परवान्यात अट आहे. जुगाराची शिक्षा झाली की ओटा गेला. समजलं?"

"मी खेळली नाही, वकीलसाहेब."

"कायद्याला खेळणारा आणि खेळाचे पैसे सांभाळणारा सारखाच. आता तर कायदा आणखी कडक झाला आहे. तुम्ही नुसतं एवढं म्हणा, पैसे माझे, संत्री विकून आलेले. मग कोणाच्या बापाला काही सिद्ध करता येत नाही."

सुंदराबाईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "माये नाहीत ते."

"अहो, माहीत आहे मला!"

"मंग मी माये कसे म्हणू? लोकाइनं ठेवाले दिले अन् मी माये म्हणू?"

त्याच आठवड्यात गोवर्धन ओट्यामागच्या बोळात येऊन उभा राहिला. "वैनी, तुमी माये म्हणा ना. आमी काई मांगत नाही. मास्तरबी तेच सांगून राहिले. त्यायच्या नोकरीचा सवाल हाये. मास्तर जुगारात सापडला तं शाळा घरी बसवते त्याले."

"तुमचं नाव मी घेत नाही, गोवर्धनभाऊ. मास्तरचंबी नाही. पण खोटंबी बोलत नाही."

"मंग काय करान?"

"गप बसीन."

रामराव वकिलांना हे कळलं तेव्हा ते हसले. "गप्प बसा. तेही चालेल. पण शेवटपर्यंत बसा म्हणजे झालं. बोलायचं काम माझं."

खटला उभा राहिला तेव्हा ऊन तापलं होतं. कोर्टात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत होते. शालू मागच्या बाकावर पदराचं टोक चावत बसली होती. तिच्या मागं, दाराशी, फेटा उतरवून गोवर्धन. मास्तर आले नव्हते.

रामराव त्या दिवशी रंगात होते. एक पंच म्हणाला, दस्ती टोपल्यात होती. दुसरा म्हणाला, बाईच्या हातात होती. मग रामराव फौजदाराकडे वळले.

"संत्री विकणाऱ्या बाईपाशी पैशांचं गाठोडं सापडलं, यात नवल काय? दगड सापडायला हवे होते का?"

लोक हसले. मॅजिस्ट्रेटनी टेबल वाजवलं.

"गाठोड्यात काय आहे ते तुम्ही पाहिलं?"

"वेळ नव्हता. होतं तसं सील केलं."

"म्हणजे आत काय आहे हे फौजदारांनाच ठाऊक नाही! पैसे आहेत, का हळदीकुंकू आहे, का बाईंचा विडा आहे!"

शालूच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. सुंदराबाई सुटल्यात जमा होती. मॅजिस्ट्रेट स्वभावानं सरळ होते. ते म्हणाले, "हा मुद्दा आत्ताच संपवू. सील तोडा. गाठोडं उघडा."

शिपायानं लाख फोडली. कापड बाजूला केलं. निळ्या चौकड्यांची दस्ती टेबलावर आली. शिपायानं गाठीला नखं लावली. गाठ हटेना. त्यानं दात लावायला दस्ती तोंडाशी नेली.

"थांबा!"

सुंदराबाई पिंजऱ्याचा कठडा धरून उभी होती. स्वतःचा आवाज तिलाच नवा वाटला.

"गाठ सोडू नका जी. दुसरा मालक हजर नाही."

रामराव वकिलांनी हळूच हातातला कागद टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले.

मॅजिस्ट्रेट पुढं झुकले. "दुसरा मालक? म्हणजे हे पैसे तुमचे नाहीत?"

अजूनही वेळ होता. शालूच्या तोंडून 'माय' एवढंच निघालं.

"नाहीत जी," सुंदराबाई म्हणाली.

"पैजेचे आहेत?"

"हाव."

"मग तुम्ही जुगारात सामील होतात."

"मी खेळली नाही साहेब. मी सांभाळले. दोघं समोर असल्याशिवाय ही गाठ सुटत नाही. माया घरधन्याच्या वेळेपासून कधीच सुटली नाही."

"कोण दोघं? नावं सांगा. सांगितलीत तर तुमच्या बाबतीत मला सौम्य विचार करता येईल."

दाराशी हालचाल झाली. गोवर्धन उठत होता. सुंदराबाईनं मान वळवली आणि त्याच्याकडे असं पाहिलं, की तो अर्धा उठलेला माणूस पुन्हा खाली बसला. तो उभा राहिला असता तर पुढचा प्रश्न मास्तरांबद्दलच आला असता.

"नाव सांगाले नोतं दिलं, साहेब," ती म्हणाली. "सांभाळाले दिलं होतं."

मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बराच वेळ ते लिहीत राहिले. दंड झाला. पैसे सरकारजमा. गाठ सुटेना म्हणून कारकुनानं कात्री मागवली आणि गाठीच्या खालून दस्ती कापली. आतलं जे होतं ते टेबलावर पडलं. तिकडे सुंदराबाईनं पाहिलंही नाही. सगळे उठल्यावर तिनं शिपायाला विचारलं, "ते कापड मले भेटन?"

रामरावांनी मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हात हलवला. गाठ तशीच होती, खाली कापलेल्या कापडाची लक्तरं लोंबत होती. सुंदराबाईनं ती कमरेच्या पिशवीत घातली.

पायऱ्या उतरताना रामराव म्हणाले, "बाई, मी तुम्हाला सोडवलं होतं. तुम्ही स्वतःच स्वतःला अडकवलंत."

"हाव जी. तुमाले तरास झाला."

रामरावांनी फी मागितली नाही. तिनंच दिवाळीला त्यांच्या घरी संत्री पोचवली.

दंडासाठी गोवर्धन पैसे घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, "तुमी दिले तं तुमचं नाव आलं. ठेवा तुमापाशी." पायातले तोडे मोडून तिनं दंड भरला. पावसाळ्याआधी नगरपालिकेचा माणूस आला आणि ओटा गेला.

त्या रात्री शालूनं भाकरीला हात लावला नाही. "माय, काहून बोलली तू? दोन शब्द पोटातल्या पोटात गियले असते तं काय झालं असतं?"

"गियलेच होते वं पोरी. पण त्यानं दात लावले ना गाठीले."

"मंग? ओटा गेला ना आपला!"

"ओटा नगरपालिकेचा होता. तिनं नेला. तू जेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदराबाई बाजाराच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसली. डोक्यावर छप्पर नव्हतं, म्हणून संत्र्यांवर ओलं फडकं घालत राहिली. समोर तिच्या जुन्या ओट्यावर दुसरीच बाई वांगी लावत होती. पहिले काही दिवस सुंदराबाई तिकडे पाठ करून बसली. मग ऊन त्या बाजूनं यायला लागलं आणि तिला तोंड फिरवून बसावं लागलं.

हिवाळा आला, पट सुरू झाले. दोन तरणी पोरं सायकलवरून उतरली. एकानं खिशातून गाठ मारलेली दस्ती काढली आणि सवयीनं संत्र्यांखाली सरकवायला लागला.

"मावशी, सांजेले घेऊन जातो."

सुंदराबाईनं त्याचं मनगट धरलं. "उचल."

"अवं, तुया भरवशावर तं..."

"मले आता कायदा मालूम हाये. पह्यले नोता मालूम. संत्री घ्यायची तं घे, नाहीतं गिऱ्हाइकाच्या पुढून हट."

पोरं हसत गेली. "मावशी भेली रे!" एक म्हणाला. ती भ्यालेली नव्हती, पण ते तिनं त्यांना सांगितलं नाही.

खुशालराव मास्तर त्या रस्त्यानं रोज शाळेत जात. फाटक जवळ आलं की सायकल रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायची आणि मास्तर समोर पाहत राहायचे. गोवर्धन माल द्यायला यायचा. सुंदराबाईच्या पिशवीत ती गाठ आहे हे त्याला माहीत होतं. एकदा तो म्हणाला, "फेकून द्या ना ते, वैनी." ती म्हणाली, "दोघं या, मंग पाहू."

वर्ष उलटून गेलं. मृग बहाराची संत्री बाजारात आली होती. गोवर्धन गाडीवरून टोपली उतरवत होता, तेव्हा सायकल पलीकडच्या कडेनं आली, थोडी पुढं गेली आणि थांबली. मास्तर सायकल हातात धरून रस्ता ओलांडून आले. उन्हानं तोंड लाल झालं होतं. उभे राहिले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"सुंदराबाई," ते म्हणाले, आणि सायकल फाटकाला टेकवली.

"बसा मास्तर," ती म्हणाली. कमरेची पिशवी सोडून तिनं ती गाठ काढली आणि पोत्यावर दोघांच्या मधे ठेवली. मळानं काळी झालेली, दगडासारखी घट्ट. "घ्या. लावा हात."

"आता काय त्याच्यात, वैनी?" गोवर्धन म्हणाला.

"लावा म्हणते ना."

दोघं मोठी माणसं भर बाजारात उकिडवी बसली. एकाची बोटं मातीनं फुटलेली, दुसऱ्याची खडूनं कोरडी पडलेली. मास्तरांचा वेढा वर होता. तो आधी सैल झाला, मग गोवर्धनचा. गाठ उलगडली. आत काहीच नव्हतं. फक्त जिथं कापड कापडाला घट्ट धरून होतं, तिथं निळा रंग जसाच्या तसा होता, दुकानातून काल आणल्यासारखा.

मास्तरांनी डोळ्यांवर हात धरला, ऊन लागल्यासारखा.

"दस्ती तुमची ना, गोवर्धनभाऊ?" सुंदराबाईनं चिंधी झटकून सारखी केली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"राहू द्या ना तुमापाशी."

"नाही बाप्पा. आता कोनाचं काई ठेवत नाही मी."

फाटकातून एक बाई संत्री पाहत येत होती. सुंदराबाईनं ओलं फडकं बाजूला केलं.

"या बाई," ती म्हणाली. "दाबू नका फक्त."