शिरीषाचा पार

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीची ही गोष्ट. आदल्या वर्षी वादळाने शाळेचं छप्पर उचलून तळ्यात नेऊन टाकलं होतं. तेव्हापासून गल्लीने टेलरकाकूंच्या दारातल्या शिरीषाच्या झाडाचा धसका घेतला होता. काकूंचं शिलाईमशीन त्याच्याच सावलीत चाले. त्याभोवतीचा सिमेंटचा पार त्यांच्या नवऱ्याने, गवंडीकाकांनी, बांधलेला. दर वादळानंतर काका खोडाला लागून आणखी एक थर चढवत. "पाया पक्का असला की कुणाचा बाप हलवत नाही," म्हणत. गल्लीलाही ते पटलेलं.

नगरपालिकेच्या झाडं तपासणाऱ्या बाई आल्या. त्यांनी पाराच्या भेगेत सळई खुपसली.

"मुळं गुदमरलीत, एका बाजूने कुजायला लागलीत. पार फोडा, माती मोकळी करा, वाळक्या फांद्या उतरवा. वादळांच्या हंगामाआधी झालं तर झाड राहील. नाहीतर मला तोडायचा शेरा मारावा लागेल."

"तोडाच," गल्लीचे अध्यक्ष म्हणाले. "कटकट मिटेल."

"आणि उन्हात माझं मशीन तुमच्या दिवाणखान्यात आणू का?" काकूंनी विचारलं.

गवंडीकाका मात्र अडून बसले. "माझ्या हातचं काम आहे. कुणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या सकाळी काकूंनी नवऱ्याच्याच पिशवीतून हातोडा-छिन्नी काढली, पदर खोचला आणि पारावर घाव घालायला सुरुवात केली. चार माणसं जमली.

"काकू, काज करताय का?" अध्यक्षांनी टोमणा मारला.

"काज नंतर. आधी तुमच्या तोंडाला बटण लावते."

काका दारात पेपर उघडून बसले होते, पण पान काही उलटत नव्हतं. शेवटी राहवलं नाही. "अगं, छिन्नी तिरकी धर. बोट जाईल."

"जाऊ दे. झाड तरी राहील."

पहिला तुकडा निघाला. खाली मुळं एकमेकांत वळून खोडालाच आवळत बसली होती. काका उठून आले. त्यांनी एक काळं मूळ चिमटीत धरलं, ते भिजल्या पावासारखं तुटून हातात आलं.

"मी पाया पक्का करत होतो," ते म्हणाले.

"आता सोडवा," काकू म्हणाल्या, आणि हातोडा पुढे केला.

मग गल्ली हलली. अध्यक्षांची बायकोच पहिलं घमेलं उचलायला आली. बाईंच्या माणसांनी वाळक्या फांद्या उतरवल्या. लोकांनी सैल पत्रे आवळले, गच्चीवरच्या कुंड्या खाली आणल्या, वरच्या मजल्यावरच्या अंथरुणाला खिळलेल्या आजींना कोण उचलणार तेही ठरलं.

वादळ भर दुपारी आलं. सगळी गल्ली अध्यक्षांच्या भक्कम दिवाणखान्यात जमली, काकूंचं मशीनसुद्धा. काचेतून काकू बघत होत्या. शिरीष वाकला, उठला, पुन्हा वाकला. एक मोठी फांदी काकूंच्या पत्र्यावर कोसळली. झाड उभं राहिलं.

पुढे अध्यक्ष प्रत्येक सभेत, झाड आपणच वाचवलं, असं सांगत राहिले, आणि प्रत्येक सभेत काकू उठून ते खोडून काढत राहिल्या. बाईंची बदली झाली. निवृत्त झाल्यावर त्या मुद्दाम येऊन खोडाला हात लावून गेल्या. गवंडीकाकांनी पुन्हा पार बांधला नाही. कुठे झाडाभोवती सिमेंट दिसलं की न विचारता छिन्नी काढत. एकदा दंड झाला, तो भरून परतताना त्यांनी वाटेतला आणखी एक पार फोडला. काकू नजर अधू होईपर्यंत त्याच सावलीत शिवत होत्या. आता दोघंही नाहीत. शिरीषाखालची माती अजून उघडी आहे, आणि तिथे स्कूटर लावायची कुणाची हिंमत नाही.