घुरघुर थांबली तेव्हा

घूंऽऽऽ! दचकलात ना, मित्रांनो? डास नाही, फ्रिजही नाही. मी एक जुना अँप्लिफायर आहे आणि हा आवाज माझ्यातून यायचा. आता येत नाही. ही खरं तर आनंदाची गोष्ट, पण आधी माझी हकीकत ऐका.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझ्या वायरींना डाख दिला, पोटात जडशीळ ट्रान्सफॉर्मर बसवला आणि पाठीवर थाप मारून म्हणाली, "जा, गात राहा." या घरी आलो तेव्हा बाबांनी मला पोटाशी धरून तीन जिने चढवले. कुणी मदतीला आलं की ओरडायचे, "लांब, लांब! नाजूक आहे तो." मी नाजूक! चौदा किलोचा मी! पण ऐकून बरं वाटलं हो.

पुढची वर्षं मजेत गेली. गाणी, बातम्या, क्रिकेट, सगळं माझ्यातून ऐकलं जायचं. या घरातली मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणतात, रोज माझी धूळ पुसायची. मग आईच्या घशाचं ऑपरेशन झालं. आई वाचली, आवाज गेला. तेव्हापासून ती पाटीवर लिहून बोलते.

तिच्या आवाजाची एकच टेप उरली होती. चिमणी चार वर्षांची असताना आई तिला गोष्ट सांगत होती आणि बाबांनी गंमत म्हणून ती टेप केली होती. मध्येच आई विचारते, "झोपलीस का गं?" आणि चिमणी ठणकावते, "नाईऽऽ!" एवढ्यावर तिघंही दर वेळी हसायची.

बाबांनी ठरवलं, या टेपची एक चांगली कॉपी करून ठेवायची. नेमका त्याच आठवड्यात त्यांनी टीव्हीचा आवाजही माझ्यातून यावा म्हणून एक वायर जोडली, आणि माझी घुरघुर सुरू झाली. आईचा मऊ आवाज तिच्यात बुडून जाऊ लागला.

"आधी घुरघुर जाऊ दे, मग स्वच्छ कॉपी करू," बाबा म्हणाले.

मग काय! दर रविवारी माझं पोट उघडायचं. कंडेन्सर बदलले, वायरी बदलल्या, स्पीकर हलवले. आणि काहीही बदललं की तीच टेप लावायची. "बाबा, दुसरी लावा ना एखादी," चिमणी एकदा म्हणालीसुद्धा. "छे गं, हिच्यातच नीट कळतं," बाबा म्हणाले. मला ओरडावंसं वाटलं. पण मला फक्त घुरघुरता येत होतं.

शेजारचे काका आले. त्यांना जगातलं सगळं येतं. "अहो, प्लगची ती जाड पिन उपटा. अर्थिंग गेलं की घुरघुर पळाली समजा!" बाबा पक्कड घेऊन आलेसुद्धा. आईने प्लग हातातून काढून घेतला आणि पाटीवर लिहिलं, "माझा आवाज गेला तेवढं पुरे. आता माणूस नको जायला." काकांना एकदम घरचं काम आठवलं.

शेवटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मावशी आल्या. त्यांनी माझ्या एकाही स्क्रूला हात लावला नाही. स्पीकर तेवढे ठेवले, मागच्या बाकी सगळ्या वायरी उपटल्या आणि मला चालू केलं. मी गप्प! टेपरेकॉर्डर जोडला. गप्पच. टीव्हीची वायर जोडली. घूंऽऽऽ!

"पण टीव्ही तर बंद आहे!" बाबा म्हणाले.

"बंद असला तरी वायर जोडलेलीच ना, दादा? याचं अर्थिंग प्लगमधून, टीव्हीचं गच्चीवरच्या केबलमधून. दोन वाटांमधून वीज गोल फिरते आणि हा बिचारा कण्हतो. याला काही झालेलं नाही."

मित्रांनो, सात महिने मला आजारी समजून कापत होते. मी धडधाकट होतो! मावशींनी ती वायर काढली. खोली कशी स्वच्छ, शांत झाली. "लावा आता तुमची टेप."

बाबांनी टेप लावली. आईचा आवाज आला, पण उशीत तोंड खुपसून बोलावं तसा. शब्द विरलेले, मधेच गायब. मावशींनी भुवया आक्रसल्या. "किती वेळा वाजवलीत ही?"

"दर रविवारी... पाच-सहा वेळा. चेक करायला."

"जुनी टेप दर वेळी वाजवताना झिजते. चेक करायला कुठलीही टेप चालली असती, दादा."

तेवढ्यात आतून अस्पष्ट आलं, "झोपलीस का गं?" आणि टेप अडकली, चुरगळली, तुटली. कुणी हसलं नाही. आईने पाटी उचलली, खडू टेकवला आणि काही न लिहिताच खाली ठेवली. पंधरा वर्षांची चिमणी तिच्या कुशीत शिरून पुटपुटली, "नाही गं आई, जागी आहे."

मी अजून त्याच कपाटावर आहे. बाबा कधीकधी मला नुसतं चालू करतात आणि समोर बसून राहतात. मी अगदी निर्मळ आहे आता, आणि त्यांना ऐकवायला माझ्याकडे काही नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो, आमच्यासारखं यंत्र कण्हू लागलं तर आधी सगळ्या वायरी काढा, मग एकेक जोडून बघा. ती जाड पिन मात्र कधी तोडू नका. आणि घरात कुणाचा आवाज जपलेला असेल, तर त्याची कॉपी आजच करा. घुरघुरीसकट करा. घुरघुरीमागून आई ऐकू येत होती हो.