विहिरीतल्या राणीचा पिक्चर

रविवारी माग बंद असतात, म्हणून सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या घरात आठवड्यातून एकदा माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येतं. बाकी सहा दिवस खाली टॉवेलाचे माग खडखडतात आणि वर जगदेवी.

नात चंद्रिका कॉलेजात शिकवायला लागली आणि पहिल्याच वर्षी तिनं प्रोजेक्टर आणला. रविवारी दुपारी माडीच्या खिडक्या लावायच्या, पांढऱ्या भिंतीवर पिक्चर सोडायचा आणि तो संपला की दहा-बारा जणांनी त्यावर दोन तास भांडायचं, असा तिचा क्लब. पिक्चरही सरळ नाहीत. घराला पाय फुटतात, मेलेली माणसं उठून जेवायला बसतात आणि कुणी कुणाला कारण विचारत नाही, असले. पहिल्या रविवारी जगदेवी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं ताट ठेवायला वर गेली, घटकाभर टेकली, ती पिक्चर संपेपर्यंत उठलीच नाही.

त्या दिवशीच्या पिक्चरात कावळ्याच्या डोक्याचा पोस्टमन होता. घरोघरी तो पत्राऐवजी दगड वाटत होता आणि माणसं ते दगड छातीशी धरून रडत होती. अभिमन्यू म्हणून बँकेतला एक मुलगा, वाचलेला फार. त्यानं वीस मिनिटं समजावलं की हे आजच्या माणसाच्या एकटेपणाचं रूपक आहे. जगदेवीनं सगळं ऐकून घेतलं.

"एकटेपण कसलं रे? मयताची खबर हाय ती. खबर आली की बाई आदी जड हुती, मग रडती. चार मयतं बघितली असतास तर कळलं असतं."

एका पोरीनं ते वहीत उतरून घेतलं. तेव्हापासून भिंतीसमोरची मधली खुर्ची जगदेवीची झाली. 'कल्ट' म्हणजे काय, हे चंद्रिकानं तिला सांगितलं. थेटरात पडलेला, पण थोड्या वेड्यांनी उराशी धरून जगवलेला.

"म्हंजे चालला बी न्हाय आन् मेला बी न्हाय," जगदेवी म्हणाली. "आमच्या ईरम्मासारखा."

ईरम्मा तिची जाऊ. ती शेजारच्याच खोलीत असते. तिनं भिंतीपलीकडून भांडं आदळलं.

नवरा गुरप्पा दाराजवळ सतरंजीवर बसायचे. वाद फार तापला की पोरं त्यांना विचारायची, आजोबा, तुम्हाला काय वाटतं? ते मान हलवून म्हणायचे, "ही म्हणती त्येच बरोबर." पोरं हसायची. जगदेवीला मात्र ते ऐकून दर वेळी पोटात ऊब आल्यासारखं व्हायचं, कारण ह्याच एका वाक्यावर तिनं लग्न केलं होतं.

ती मंगळवेढ्याची. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली ती सतरा वर्षांची होती. शाळा तिसरीपर्यंत, तोंड मॅट्रिकच्या पुढं. गावात तंबूचा सिनेमा आला आणि ती आईबरोबर बघायला गेली. पिक्चर असा: नवी सून सासरी येते, सासू छळते. एके दिवशी सून विहिरीवर वाकून पाण्यात बघते, आणि एकदम ती पाण्याखालच्या राज्याची राणी. शंखाचं सिंहासन, माशाच्या तोंडाचे प्रधान, तिच्या एका बोटावर सैन्य उठतंय-बसतंय. तोंडावळाही वेगळा. मग काही न सांगता ती परत चुलीपुढं, हातात फुंकणी, केस पिकलेले. तंबूत लोकांनी शिट्ट्या मारल्या, खडे फेकले. जगदेवी मात्र घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्याच दिवशी तिला बघायला पाहुणे आले. मुलगा म्हणजे गुरप्पा, त्याच तंबूत सिनेमाचे डबे ने-आण करणारा. त्याच्या मामानं विषय काढला, काल काय तो भिकार पिक्चर, ना शेंडा ना बुडखा. पोह्यांची ताटली हातात धरून जगदेवी बोलली, "भिकार न्हाय तो. बाई पाण्यात बघती तेवढी घटकाभर राणी असती. मग कुणीतरी हाक मारतं आन् ती चुलीम्होरं येती, तवर केस पिकल्यालं असत्यात."

"आन् तोंड कसं बदललं गं?" मामानं विचारलं.

"राज्य मिळालं की कुणाचंबी तोंड बदलतं."

वडलांनी डोळे वटारले. पुरुषांच्या बैठकीत असं बोलणारी पोरगी कोण करून घेणार? तेव्हा खाली मान घालून बसलेला गुरप्पा म्हणाला होता, "ही म्हणती त्येच बरोबर."

त्याच आठवड्यात करकंबचं स्थळ होतं. मास्तर, पाच एकर ऊस, विहिरीला बारमाही पाणी. जगदेवीनं ते नाकारलं. आई रडली, वडलांनी दोन दिवस जेवण सोडलं, तरी तिनं ऐकलं नाही. तिला जे दिसलं ते ज्याला दिसलं, असा एकच माणूस तिला भेटला होता. सोलापुरात आल्यावर मागाचा आवाज, तीन बाळंतपणं, सासूचा जाच, सगळं तिनं त्या एका वाक्याच्या आधारावर पेललं. लग्नकार्यात, डोहाळजेवणात बायका म्हणायच्या, जगदेवी, तुझा तो पिक्चर सांग की. ती हातवारे करून सांगायची.

क्लबात एकदा ठरलं, प्रत्येकानं जन्मात एकदा तरी बघावाच असा एक पिक्चर सुचवायचा. जगदेवीनं हाच सुचवला. पोरं वेडी झाली. अशा गोष्टी परदेशात लोक आत्ता करायला लागलेत, आज्जी, तुम्ही तंबूत बघितलात? चार महिने शोधाशोध चालली. संग्रहालयांना पत्रं गेली, जाणकारांना विचारून झालं. कुठंच पत्ता नाही.

शेवटी अभिमन्यू चाचरत म्हणाला, "आज्जी, असा पिक्चर नसावाच. इतक्या वर्षांनी आठवणीत दोन-तीन पिक्चर एकात मिसळतात. माझंही होतं."

"तुझं हुत असंल. तू बघताना फोन बघतूस. त्या तंबूचा ऑपरेटर शिवयोगी जिता हाय, अक्कलकोट रोडला लेकाकडं. त्याला आणते हितं. मग तू माफी माग."

गुरप्पा दारातून म्हणाले, "कशाला त्याला तरास? त्याला काय आठवतंय आता. ऐकू बी येत न्हाय."

शनिवारी परत म्हणाले, "राहू दे की जगदेवी. पोरांच्या बोलण्याचं काय मनावर घ्यायचं." तिला वाटलं, बायकोवर कुणी शंका घेतलेली ह्या माणसाला अजून सोसत नाही. तिनं त्यांच्यासाठी मुद्दाम गूळ घालून गव्हाची हुग्गी केली.

रविवारी शिवयोगी रिक्षानं आला. ऐंशी पार, पण कान तल्लख. चंद्रिकानं त्याला आजीचा पिक्चर सांगायला सुरुवात केली. विहिरीपाशी येईपर्यंत म्हाताऱ्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता.

"ह्यो पिक्चर न्हाय, लेकी. ह्यो गुरप्पाचा घोळ हाय."

अभिमन्यूनं फोन खिशात टाकला.

"आमच्या मालकाचं दोन तंबू. एक मंगळवेढ्यात, दुसरा कोसभरावर जत्रंत. पिक्चरची प्रत एकच. हितला डबा संपला की गुरप्पानं सायकलीवर टाकून तिकडं न्यायचा, तितला हिकडं आणायचा. तितं त्या दिवशी दुसराबी खेळ हुता, समुद्राच्या राणीचा. गडी त्यातलाच डबा उचलून आला. सुनंचा तिसरा डबा तितंच ऱ्हायला. मी लावला, लावल्यावर कळलं. मालक म्हणला, आता थांबू नगं, लोकं कनाती फाडत्याल. चौथ्या डब्यात सून म्हातारी झालेली हुती, कारण मधली वीस वर्सं तिसऱ्यात गेली. ती कुणी बघितलीच न्हाईत."

"आन् तोंड?" जगदेवीनं विचारलं.

"नटीच दुसरी की, अक्का." तो डोळे पुसत हसला. "तू त्याचा अर्थ बी लावलास. तुझ्या लग्नाच्या पंगतीत आमी पोट धरून हसलो. तंबूतली झाडून सगळी. तुझा दीर, ईरम्मा, सगळी."

भिंतीपलीकडं भांड्याचा आवाज आला नाही. ईरम्मा ऐकत होती, हे जगदेवीला कळलं. डोहाळजेवणात 'सांग की गं' म्हणून पहिली कोपर मारणारी हीच असायची. पन्नास वर्षं बायका ऐकत नव्हत्या, मजा बघत होत्या.

अभिमन्यूचा चेहरा मात्र उजळला होता. "आज्जी, मी माफी मागतो. पण हे जास्त भारी आहे. दिग्दर्शकच नाही त्याला. तो पिक्चर तुम्ही केलात."

"खरंच, आज्जी," चंद्रिका म्हणाली. "आता तर तो आणखी मोठा झाला."

"तुमाला झाला असंल," जगदेवी म्हणाली. "तुमचं लगीन नव्हतं लागलं त्याच्यावर."

जगदेवी खुर्चीतून न उठता दाराकडं वळली. आवाज चढवला नाही, त्याचीच पोरांना भीती वाटली.

"अवो, त्या दिवशी बैठकीत तुमी म्हणला, ही म्हणती त्येच बरोबर. का म्हणला?"

गुरप्पा सतरंजीचा धागा ओढत राहिले. "घोळ माझा हुता, त्यो बैठकीत उघडा पडू नये म्हणून. मामाच पिक्चरला नावं ठेवाय लागला. तू त्याला अर्थ दिलास, मी सुटलो."

"आन् पिक्चर कसा वाटला हुता तुमाला?"

"मी बघितलाच न्हाय. डबा परत कसा न्यायचा, त्याच्याच घोरात हुतो." मग जरा धीर करून म्हणाले, "सांगणार हुतो. पर तू लई रंगून सांगायचीस. आन् संसार झाला की चांगला. काय बिघडलं?"

"करकंबचा मास्तर निदान 'न्हाय कळलं' तरी म्हणला असता."

ते काहीतरी बोलायला गेले. "सुम्मन कूडरी," ती म्हणाली. गप बसा. राग टोकाला गेला की ती कन्नडात बोलते, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

शिवयोगीला उशिरा समजलं की आपण काय करून बसलो. त्याला खाली पोचवायला गुरप्पाच गेले. पोरं चपला शोधायला लागली तशी जगदेवीनं चंद्रिकाला सांगितलं, "आज लावायचा हुता तो लाव. माणसं लांबनं आल्यात."

पिक्चर सुरू झाला. एक बाई शिवणयंत्रावर समुद्राचा काठ शिवत होती आणि लाटा सारख्या टाके उसवत होत्या. मध्येच गुरप्पा परत आले. दाराजवळ न बसता खुर्चीच्या बाजूला, तिच्या पायांपाशी खाली बसले. बराच वेळ भिंतीकडं बघत राहिले. मग हळूच मान वर करून म्हणाले, "ही काय करती गं? मला काय कळंना."

आजवर त्यांनी तिला असं कधी विचारलं नव्हतं. खरोखर कळत नाही म्हणून विचारत होते, हे तिला आवाजावरनंच समजलं. त्या बाईचं काय चाललंय, ते तिला पहिल्या लाटेलाच कळलं होतं, आणि सांगायला फार तर दोन वाक्यं लागली असती.

तिनं पाय आखडून घेतले आणि पिक्चर बघत राहिली.